चौकात कॅमेरा, गेटवर कॅमेरा, जिन्यातही कॅमेरा : पुणेकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक क्लिप आली. रात्रीचे पावणेबारा, लिफ्टसमोर माझी मुलगी उभी, हातात हेल्मेट, शेजारी तिला सोडायला आलेला ऑफिसमधला मुलगा, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, "पालकांनी लक्ष द्यावं." बाकी काही नाही. मुलगी दोन दिवस लिफ्टनं गेली नाही, जिन्यानं चढायची, मग जिन्यातही कॅमेरा आहे हे तिला कळलं आणि ती गप्पच झाली. तेव्हापासून मी हा विषय धरलाय. कायदे वाचले, वकिलांकडे जाऊन बसले, सोसायटीच्या वार्षिक सभेत, म्हणजे एजीएममध्ये, भांडले. हळूहळू शेजारच्या बिल्डिंगमधले, ऑफिसातले, माहेरच्या पेठेतले लोक विचारायला लागले आणि प्रश्न फिरून फिरून तेच यायला लागले, म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवतेय.

आपण काही वाईट करत नाही, मग कॅमेऱ्याला घाबरायचं कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारणारे बहुतेक भले लोक असतात. माझी मुलगी तरी काय वाईट करत होती? ऑफिस सुटलं, घरी आली. वाईट काय ते ठरवलं फुटेज बघणाऱ्यानं. तुम्ही डॉक्टरकडे जाता, कुठल्या मोर्चात जाता, कुणाला भेटायला जाता, रस्त्याच्या कडेला बसून रडता, ह्यातलं काहीच गुन्हा नाही, पण सगळं सगळ्यांनी बघावं असंही नाही. घराला पडदे लावणाऱ्याला आपण चोर म्हणत नाही ना.

आणि पुण्यातल्या माणसानं तरी हे विसरू नये. १८९७ साली शहरात प्लेग होता, साथ थांबवायची होती, म्हणजे हेतू वाईट नव्हता, पण रँडसाहेबाच्या कमिटीनं गोरे सोल्जर घराघरांत घातले, देवघर बघितलं नाही, माजघर बघितलं नाही, बायामाणसांना बाहेर उभं करून तपासलं. लोकांचा राग औषधावर नव्हता, न विचारता उंबरा ओलांडण्यावर होता, आणि तो राग पुढे कुठे गेला ते आपल्याला शाळेपासून माहितीय.

पण पुण्यात कॅमेरे आले ते बॉम्बस्फोटांमुळेच ना?

हो. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला, १७ जीव गेले. मग १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रोडवर साखळी स्फोट झाले. त्यानंतर शहरभर सरकारी कॅमेरे बसवण्याला जोर आला आणि पुणे, पिंपरी-चिंचवड मिळून हजारावर कॅमेरे लागले, पुढे स्मार्ट सिटी आली, मेट्रो आली, तसे वाढतच गेले. त्या वेळी मलाही बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण स्फोटांसाठी लावलेला कॅमेरा आज सिग्नल तोडणाऱ्याला चलान पाठवतो, उद्या गर्दी मोजेल, परवा चेहरे शोधेल. प्रत्येक वेळी काम बदलतं, आणि ते बदलताना आपल्याला कुणी विचारत नाही. माझा आक्षेप ह्याला आहे.

कॅमेऱ्यानं गुन्हे थांबतात का?

थांबतात त्यापेक्षा सापडतात जास्त. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या शिवशाहीत एका तरुणीवर अत्याचार झाला. स्टँडवर कॅमेरे होते, पोलीस स्टेशन हाकेच्या अंतरावर होतं, तरी झाला. फुटेजवरून आरोपीची ओळख पटली आणि तो शिरूर तालुक्यातल्या गुनाट गावात सापडला, हे कॅमेऱ्याचं काम, आणि ते मोठं काम आहे, मी नाकारत नाही. पण त्या पहाटे त्या मुलीला कॅमेरा नको होता, माणूस हवा होता. फिरता गार्ड हवा होता, बंद बसला कुलूप हवं होतं, फलाटावर उजेड हवा होता. कॅमेरा बसवला की आपल्याला वाटतं सुरक्षेचं काम झालं, आणि मग वॉचमन कमी करतात, दिवे दुरुस्त करत नाहीत. आमच्या सोसायटीत हेच झालं, कॅमेरे आले आणि रात्रीचा दुसरा वॉचमन गेला.

कल्याणीनगरच्या १९ मे २०२४ च्या पोर्शे गाडीच्या अपघातातही पबमधलं फुटेज तपासात महत्त्वाचं ठरलं. म्हणून कुणी मला विचारलं की कॅमेरे काढूनच टाकायचे का, तर माझं उत्तर नाही असं आहे. कॅमेरा राहू दे. पण तो कुणाचा आहे, कशासाठी आहे, फुटेज किती दिवस राहतं आणि कोण बघतं, हे मला कळलं पाहिजे, आणि चुकलं तर कुणाला धरायचं तेही.

चौकातला कॅमेरा नक्की काय बघतो?

सगळे एकसारखे नसतात. काही नुसते रेकॉर्ड करतात, काही लांबून फिरवता आणि झूम करता येतात, आणि काही नंबरप्लेट वाचतात. नंबर वाचणारा कॅमेरा प्लेटचा फोटो काढतो, त्यातली अक्षरं सॉफ्टवेअरनं ओळखतो आणि गाडीच्या नोंदणीशी जोडतो, मग तुमच्या मोबाईलवर ई-चलानचा मेसेज येतो. पूर्वी चौकात मामा अडवायचे, पावती फाडायचे, निदान समोर माणूस असायचा, त्याच्याशी बोलता यायचं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर २०२४ पासून अशीच मोठी यंत्रणा चालू आहे, वेग, सीटबेल्ट, लेन सगळं बघते.

एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही आता हाय सिक्युरिटी प्लेट लावायला लावलीये. चोरी रोखायला ती उपयोगी आहेच, पण सगळ्या प्लेट एकाच साच्याच्या झाल्या की मशिनला वाचायलाही सोप्या होतात, हेही लक्षात घ्या. वेगात गाडी मारणाऱ्याला दंड व्हावा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला भीती वेगळी वाटते. नळस्टॉप, डेक्कन, स्वारगेट, कात्रज, असे चार कॅमेऱ्यांचे चार नंबर जोडले की माझा अख्खा दिवस तयार होतो, मी नियम मोडला असो वा नसो. नियम न मोडणाऱ्याचा नंबर किती वेळात पुसला जातो, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहिती असायला हवं.

चेहरा ओळखणारा कॅमेरा म्हणजे काय? तो चुकतो का?

साधा कॅमेरा चित्र ठेवतो. हा तुमच्या चेहऱ्याची मापं काढतो, डोळ्यांमधलं अंतर, नाक, जबडा वगैरे, त्याचे आकडे बनवतो आणि आधीपासून साठवलेल्या चेहऱ्यांच्या आकड्यांशी जुळवतो. उत्तर कधीच "हाच तो" असं येत नाही, "इतके टक्के जुळतंय" असं येतं, आणि किती टक्क्यांना जुळलं म्हणायचं ते माणूस ठरवतो. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात सांगितलं की ते ८० टक्क्यांच्या वर गेलं की जुळलं असं धरतात.

चुकतो, आणि सगळ्यांच्या बाबतीत सारखा चुकत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत तीन कंपन्यांच्या सॉफ्टवेअरची तपासणी झाली, चेहऱ्यावरून बाई की पुरुष एवढंच ओळखायचं होतं, त्यात गोऱ्या पुरुषांमध्ये चूक एक टक्क्याच्या आत होती आणि सावळ्या-काळ्या बायकांमध्ये ती एका कंपनीची जवळजवळ ३५ टक्के निघाली. आपल्याकडे हरवलेल्या मुलांना शोधायला दिल्लीत अशी यंत्रणा वापरली, तेव्हा २०१९ मध्ये खुद्द महिला व बालविकास मंत्रालयानं दिल्ली हायकोर्टात सांगितलं की तिला मुलगा आणि मुलगीसुद्धा वेगळं ओळखता येत नाही.

आता साधा हिशोब करा. विसर्जनाला लक्ष्मी रोडवरून एक लाख माणसं गेली आणि यंत्रणा ९९ टक्के बरोबर आहे असं धरलं तरी एक हजार माणसांच्या बाबतीत ती चुकली. त्या हजारातला एक तुमचा मुलगा असेल, ढोल वाजवून दमलेला, आणि त्याला बाजूला घेऊन विचारपूस सुरू झाली तर त्यानं कुणाला काय सांगायचं? हैदराबादमध्ये २०२१ मध्ये एका कार्यकर्त्याला पोलिसांनी रस्त्यात थांबवून मास्क काढायला सांगितलं, तो नाही म्हणाला तरी फोटो घेतला, आणि तो माणूस तेलंगणा हायकोर्टात गेला. युरोपात सार्वजनिक जागी पोलिसांनी चालू कॅमेऱ्यावर चेहरे ओळखणं फेब्रुवारी २०२५ पासून थोडे अपवाद सोडून बंद केलंय. आपल्याकडे चेहरा ओळखण्यावर वेगळा असा कायदाच नाही.

एअरपोर्टला डिजियात्रा वापरू का?

डिजियात्रा म्हणजे कागद न दाखवता चेहरा दाखवून एअरपोर्टात शिरायची सोय, पुण्याला ती २०२३ पासून आहे. ती ऐच्छिक आहे, हे आधी नीट लक्षात घ्या, बोर्डिंग पास आणि ओळखपत्र दाखवून नेहमीसारखं आत जाता येतं. चालवणारे म्हणतात की माहिती तुमच्याच फोनमध्ये राहते आणि विमान सुटल्यावर २४ तासांत एअरपोर्टच्या यंत्रणेतून पुसतात. मी वापरत नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा कुठून बदलायचा? दहा मिनिटं रांगेत उभं राहायला माझी हरकत नाही.

सुप्रीम कोर्टानं प्रायव्हसी हा हक्क आहे असं म्हटलंय ना, मग अडलंय कुठे?

म्हटलंय. २४ ऑगस्ट २०१७, न्यायमूर्ती पुट्टस्वामी खटला, नऊ न्यायाधीश आणि नऊच्या नऊ एकमतानं. निकालाचा गाभा समजायला अवघड नाही : सरकारला तुमच्या खाजगीपणात शिरायचं असेल तर त्यामागे कायदा हवा, हेतू योग्य हवा, आणि जेवढी गरज तेवढंच शिरायचं. आणि रस्त्यावर आलात म्हणजे खाजगीपण घरी ठेवून आलात असं नाही, हेही त्या निकालात आहे.

अडलंय ते इथे की हा निकाल चौकाचौकात आपोआप लागू होत नाही, कुणीतरी विचारावं लागतं की बाबांनो, ह्या खांबावरच्या कॅमेऱ्यामागचा कायदा कुठला.

आणि तो नवीन डेटा कायदा?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि बरीचशी बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायचीयेत, म्हणजे मे २०२७. कंपनीनं चूक केली तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार कुठल्याही सरकारी यंत्रणेला ह्यातून सूट देऊ शकतं, म्हणजे सगळ्यात जास्त कॅमेरे ज्यांच्याकडे आहेत त्यांनाच दार उघडं. मला हे अजिबात पटत नाही.

शेजाऱ्यांनी कॅमेरा आमच्या दारावर रोखलाय, काय करू?

आधी बोला. खरंच. दहातले बरेचसे लोक मुद्दाम करत नाहीत, कॅमेरा बसवणारा पोरगा ड्रिल मारून जातो आणि कोन काय आलाय ते कुणी बघतच नाही. त्यांच्या मोबाईलवर तुमच्यासमोर चित्र उघडून दाखवायला सांगा. कोन बदलत नसेल तर बऱ्याच कॅमेऱ्यांमध्ये प्रायव्हसी मास्क असतो, म्हणजे चित्राच्या तेवढ्या भागावर काळा चौकोन टाकता येतो आणि तो भाग रेकॉर्डच होत नाही, इन्स्टॉल करणाऱ्याला विचारा, पाच मिनिटांचं काम आहे. तुमचं दार, खिडकी, कपडे वाळत घालायची गॅलरी, एवढ्यावर काळा चौकोन आला की विषय संपला.

नाही ऐकलं तर सोसायटीला लेखी द्या, पोच घ्या. मग सहकार खात्याचे उपनिबंधक, पोलीस, कोर्ट, अशी पायरी आहे. कोलकाता हायकोर्टानं २०२५ मध्ये एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात सांगितलं की दुसऱ्याच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, आणि सुप्रीम कोर्टानं त्यात ढवळाढवळ केली नाही. बाथरूम, ट्रायल रूम, पीजीतली खोली, असल्या ठिकाणी कॅमेरा सापडला तर बोलाचालीत वेळ घालवू नका, हात लावू नका, फोटो काढा आणि ११२ ला फोन करा. बाईचं असं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि आयटी कायद्याचं ६६ई कलम स्त्री-पुरुष कुणालाही लागू होतं.

सोसायटीचं फुटेज कुणी बघायचं?

कुणीच नाही, कारण असल्याशिवाय. आमच्याकडे डीव्हीआर, म्हणजे फुटेज साठवणारा डबा, ऑफिसात उघडा होता, पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला, आणि कमिटीतल्या सहा जणांच्या मोबाईलवर लाईव्ह चालू. जेवताना टीव्हीसारखं बघायचे. आता आम्ही ठराव केलाय : डीव्हीआर कुलपात, मोबाईलवर लाईव्ह बंद, फुटेज ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं, आणि बघायचं असेल तर रजिस्टरमध्ये तारीख, कारण, बघणाऱ्याची सही आणि सोबत दुसरा माणूस. मोबाईलनं स्क्रीनचं शूटिंग करायचं नाही. प्रत्येक कॅमेऱ्याखाली मराठीत पाटी आणि त्यावर सेक्रेटरींचा नंबर. आवाज रेकॉर्ड करणारे माईक बंद केले, लिफ्टमधल्या कॅमेऱ्यात आमचं बोलणंही जात होतं हे कुणाला माहितीच नव्हतं.

तुमची एजीएम ३० सप्टेंबरच्या आत व्हायला लागते, विषय अजेंड्यावर यावा म्हणून आधीच लेखी द्या, "आयत्या वेळचे विषय" मध्ये टाकला तर चहा येतो आणि लोक उठतात.

पोलीस फुटेज मागायला आले तर?

द्यायचं, पण कागदावर. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली तपासाला लागणारी वस्तू किंवा कागदपत्र लेखी आदेशानं मागायचा अधिकार पोलीस स्टेशनच्या प्रमुख अधिकाऱ्याला आहे. पत्र घ्या, कुठल्या तारखेचं आणि किती ते किती वाजेपर्यंतचं हवंय ते लिहून घ्या, तेवढंच कॉपी करून द्या आणि पोच घ्या. अख्खी हार्डडिस्क उचलून देऊ नका. घाई असेल, मूल हरवलंय वगैरे, तर आधी दाखवा, कागद मागाहून.

गेटवरच्या अ‍ॅपचं काय? मावशींचा फोटो घेतातच ना?

ह्या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण तो फारसा कुणी विचारतच नाही. आपल्याकडे धुणं-भांडी, स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा फोटो, फोन नंबर, आधारची झेरॉक्स, कधी आल्या कधी गेल्या, सगळं गेटवर जमा होतं. काही ठिकाणी त्यांना स्टार देतात. आमच्याकडच्या मावशी दुपारी पाऊण तास बाकावर बसायच्या, दोन कामांच्या मधला वेळ, पायांना आराम, आणि कुणीतरी अ‍ॅपवरच्या वेळा काढून विचारलं की "इतका वेळ बिल्डिंगमध्ये काय करता?" त्या आता बाहेर फुटपाथवर बसतात. त्यांना कुणी विचारून हे केलं का? निदान आधारची झेरॉक्स घेणं थांबवा, आणि काम सोडलेल्या बाईची नोंद पुसा. एवढं तर आपल्या हातात आहे.

स्वस्तातला वायफाय कॅमेरा घरात लावलाय, हॅक होतो का?

होऊ शकतो, आणि बहुतेक वेळा पासवर्डमुळे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं बायकांच्या तपासणीचं फुटेज इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघडकीला आलं, पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते. कंपनीनं दिलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला, अ‍ॅपमध्ये अपडेट येईल तेव्हा घ्या, आणि बेडरूममध्ये, बाळाच्या किंवा आजारी माणसाच्या पलंगावर कॅमेरा लावायच्या आधी दहादा विचार करा. एप्रिल २०२५ पासून देशात विकायच्या सीसीटीव्हीला सुरक्षेची सरकारी चाचणी लागते, नवीन घेताना दुकानदाराला तेवढं विचारा.

पोलिसांवरही कॅमेरा असायला नको का?

असायलाच हवा! २ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रत्येक पोलीस स्टेशनात, लॉकअपसकट, कॅमेरे हवेत आणि फुटेज १८ महिने ठेवायचं, अगदीच नाही जमलं तर निदान एक वर्ष. तरी कॅमेरे बंद असल्याच्या बातम्या येतच राहिल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कोर्टाला पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली.

महापालिकेला किंवा पोलिसांना काय आणि कसं विचारायचं?

माहिती अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर, महाराष्ट्राचा नियमच तसा आहे, उत्तर ३० दिवसांत. मी विचारते ते असं : आमच्या प्रभागात किती कॅमेरे आहेत, ठेकेदार कोण, फुटेज किती दिवस ठेवतात, कुणाकुणाला बघायची परवानगी आहे, चेहरा ओळखायचं सॉफ्टवेअर जोडलंय का, त्याचा लेखी आदेश द्या. कुणाचंही नाव मागू नका, कारण २०२५ मधल्या बदलानंतर "वैयक्तिक माहिती" म्हणून अर्ज फेटाळणं सोपं झालंय, पण किती कॅमेरे आणि किती दिवस ही कुणाची वैयक्तिक माहिती नाही. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ फायली बघू द्यायची पद्धत पुणे महापालिकेत सुरू झाली आणि २०१८ मध्ये सरकारनं ती राज्यभर नेली, तुमच्या ऑफिसात ती अजून चालू आहे का ते विचारा आणि असेल तर वेळ मागा. रांगेत बसायला सोबत कुणाला तरी न्या.

त्या क्लिपचं पुढे काय झालं?

ग्रुपवरून काढली. ज्यांनी टाकली होती ते काका एजीएमनंतर घरी आले, मुलीसमोर बसले, "चुकलं बाळा" म्हणाले, तिनं पाणी दिलं. ती किती जणांच्या मोबाईलमध्ये अजून पडलीये ते कळायला काही मार्ग नाही, हे तिला माहितीय आणि मलाही. रजिस्टरमध्ये ठरावानंतर तीन नोंदी आहेत : दोन पार्किंगमध्ये गाडी घासल्याच्या, एक हरवलेल्या कुरियरची. मुलगी परत लिफ्टनं येते. उशीर झाला तर तो ऑफिसमधला मुलगा अजूनही सोडायला येतो, पण गेटच्या बाहेरूनच वळतो.